जीप पळत नाही: डिझेल कमी पडतंय की हवा?

जुनी डिझेल जीप ताशी ६५-७० च्या पुढे सरकेना, की बहुतेक ठिकाणी इंजिनाला मोजून डिझेल देणाऱ्या पंपाबद्दल एकच निदान ऐकायला मिळतं: "पंप उतरवावा लागेल." माझ्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपबाबतही तेच झालं. पंपाचं काम झालं, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल बदलले, पंपाचं माप जुळवून (कॅलिब्रेशन) झालं, आणि सिन्नरच्या पुढच्या सपाट रस्त्यावर काटा पुन्हा ७० वरच अडला. दोष निघाला टाकीकडून येणाऱ्या वीतभर रबरी नळीत. बाहेरून धडधाकट. ब्लेडने उभी चिरली तेव्हा आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. डिझेलची ओढ वाढली की ती जीभ नळीचं तोंड झाकायची.

गाडी टॉपला धावत नाही याची दोन मोठी कारणं असतात. इंजिनाला डिझेल कमी पडतं, किंवा हवा कमी पडते. गाडी चालवणाऱ्याला दोन्ही सारखीच जाणवतात: पेडल तळाला टेकलंय, पण गाडी ओढत नाही. इलाज मात्र अगदी वेगळे आहेत, आणि इथे चुकलं की पैसे हमखास वाया जातात.

पेट्रोलच्या जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसाचा इथे जास्त घोळ होतो. पेट्रोल इंजिनात पेडल हवेची झडप उघडतं. डिझेलमध्ये बहुधा तशी झडपच नसते. हवा मोकळीच आत येते आणि पेडल फक्त पंपाला सांगतं की किती डिझेल मारायचं. म्हणून डिझेल कमी पडलं तर जेवढं आत गेलं तेवढं नीट जळतं. ताकद नाही, पण सायलेन्सर स्वच्छ. हवा कमी पडली तर पंप आपलं माप टाकतच राहतो, ते जाळायला ऑक्सिजन पुरत नाही आणि मागे काळा धूर सुटतो. मागच्या गाडीतल्या माणसाला विचारा: चढावर, पूर्ण पेडलला, धूर कसा होता? निम्मं निदान तिथेच होतं.

आकडे पाहिले की फरक लक्षात येतो. एमएम ५४० चं प्युजो एक्सडीपी ४.९० इंजिन २११२ सीसीचं, बिनटर्बोचं. ताशी ९० ला लिटरमागे ९ किलोमीटर धरले, तर तासाला १० लिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम १६५ मिलिलिटर डिझेल लागतं. तेच इंजिन ३५०० आरपीएमला मिनिटाला ३००० लिटरहून जास्त हवा ओढतं. डिझेलची वाट बारीक, हवेची वाट रुंद. म्हणून डिझेलच्या वाटेवर चिमूटभर कचराही पुरतो, आणि हवेच्या वाटेवर बऱ्यापैकी अडथळा साचल्याशिवाय काही जाणवत नाही.

जागेवर उभी करून रेस देण्याने काहीच सिद्ध होत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाला इतकं थोडं डिझेल लागतं की अर्धा तुंबलेला फिल्टरही ते सहज पुरवतो. "रेस तर मस्त घेते" हे ऐकून माझे दोन महिने गेले. परीक्षा रस्त्यावरच, टॉप गिअरला, भार घेऊनच होते.

दुसरी मोठी खूण वेळेची. डिझेलची अडचण येते-जाते. पहिले आठ-दहा किलोमीटर गाडी छान पळते, मग हळूहळू दम टाकते. पाच मिनिटं थांबवली की पुन्हा ताजीतवानी. थांबल्यावर ओढ सुटते, जाळीला चिकटलेला गाळ खाली बसतो, टाकीतली पोकळी भरून निघते. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर झाकण सैल करून दहा किलोमीटर चालवा, लगेच कळेल. हवेची अडचण अशी लपंडाव खेळत नाही. पहिल्या किलोमीटरला जशी, पन्नासाव्यालाही तशीच. शिवाय हवा कमी असेल तर ॲव्हरेज पडतं आणि इंजिन तापतं; डिझेल कमी असेल तर यातलं सहसा काहीच होत नाही.

डिझेलचा संशय पक्का करायला माझा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे कॅन. पाच लिटरचा स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंच, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, घट्ट बांधा. त्यातून थेट पंपाला नळी द्या आणि पंपाची रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन रिकामा होऊन सगळं डिझेल टाकीत जाईल. आता गाडी ९० गाठत असेल तर पंप निर्दोष आहे. दोष टाकी, जाळी, नळ्या, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) किंवा फिल्टर यातच. टाकीकडून येणाऱ्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवला तर बुडबुडेही दिसतात. ओढीच्या बाजूला, म्हणजे टाकी ते फीड पंप या टप्प्यात, वॉशर ढिला असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून खाली डाग शोधत बसू नका.

हवेच्या बाजूची तपासणी सोपी. जुन्या जीपच्या ऑइल बाथ एअर क्लीनरचं (तेलात धूळ अडकवून हवा गाळणारा) भांडं काढा. माझ्या ओळखीतल्या एका गाडीत तळाला लोण्यासारखा काळा गाळ दोन बोटं साचला होता आणि वरून नवं ऑइल खुणेच्याही वर भरलेलं. खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं की हवेची वाट अरुंद होते. मऊ पडलेला रबरी होज रेस दिल्यावर चपटा होतो का, तेही बघा. आणि सायलेन्सर आतून कोसळला असेल तर जळालेला वायू बाहेर पडत नाही, लक्षणं हवा कमी असल्यासारखीच दिसतात.

धूर कधी कधी फसवतो. नोझल टपकत असेल तर हवा भरपूर असूनही काळा धूर येतो. महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. बिनटर्बोचं निरोगी इंजिनही तिथे थोडं जास्त धुरकटतं. म्हणून परीक्षा अशा उंचीवर नको, सखल भागात घ्यावी.

सर्वात वाईट म्हणजे डिझेलचं कमाल माप ठरवणारा पंपाचा सीलबंद स्क्रू वाढवून दिलेली "ताकद". हवा कमी पडणाऱ्या इंजिनात जास्त डिझेल ओतलं की धूर वाढतो, पिस्टन तापतात. आणि मूळ दोष नळीत असेल, तर ती साफ केल्याच्या दिवसापासून गाडी काळा धूर ओकू लागते. मग माणूस हवेच्या मागे लागतो. एअर क्लीनर उघडून, फिल्टर बदलून झाल्याशिवाय कुणालाही त्या स्क्रूला हात लावू देऊ नका.

या सगळ्याआधी पाच मिनिटांचं एक काम. कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते स्वतः बघा. केबल ताणली असेल किंवा पेडलखाली मॅट दुमडली असेल तर टेकत नाही. चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा. ब्रेक आवळलेला असेल तर हाताला कळतं.

आणि गाडीचा क्राऊन-पिनियन (चाकांच्या ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी) कुठल्या गुणोत्तराचा, तेही पाहून घ्या. ५.३८ चा असेल आणि टायर ६.००-१६, तर डायरेक्ट टॉप गिअरला ३००० आरपीएमला ताशी ७५ च्या आसपास भरतात. अशी गाडी ७५ ला रडल्यासारखा आवाज करत असेल, पण पेडल अजून शिल्लक असेल, तर तिचं डिझेलही ठीक आहे आणि हवाही.