नाक गोंदियाकडे, विमान भलतीकडे

“आकाश मोकळं असलं की विमानाचं नाक गावाकडे धरायचं, आपोआप पोहोचतो,” हा समज नागपुरात अजून ऐकू येतो. तो चूक आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून गोंदियाजवळचं बिरसी विमानतळ सुमारे 135 किलोमीटर. 90 नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 167 किलोमीटर वेगाने, पाऊण तासाहून थोडं जास्त. डावीकडून 15 नॉटचा आडवा वारा असेल, तर नाक सरळ ठेवूनही विमान वीसेक किलोमीटर उजवीकडे वाहून जातं. म्हणून आधीच हिशेब करून नाक जवळपास 10 अंश वाऱ्याकडे वळवतात. पुरात नाव पार नेणारा नावाडीही हेच करतो. मग वाटेतली वैनगंगा नदी ठरल्या मिनिटाला खाली यायला हवी. नाही आली, तर वाऱ्याचा अंदाज चुकला, हिशेब पुन्हा मांडायचा. जीपीएस असू द्या, पण माझ्या मते हा हिशेब कागदावर हवाच.