आयनिक संयुगांची सूत्रं

आयन म्हणजे प्रभार असलेला अणू किंवा अणूंचा गट. आयनिक संयुगाचं सूत्र लिहायचं म्हणजे धन आयन किती आणि ऋण आयन किती घेतले की प्रभारांची बेरीज शून्य होते ते शोधायचं, आणि ते आकडे चिन्हांच्या पायाशी लिहायचे. नववीच्या विज्ञानात हे संयुजा (अणू किती इलेक्ट्रॉन देतो-घेतो तो आकडा) आणि तिरकस गुणाकार म्हणून येतं, आणि जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही पोराला विचारा, "याचा आकडा त्याला, त्याचा याला" एवढं तो झोपेतही सांगेल, पण का ते विचारलं की गप्प. ट्रिक चुकीची नाही, फक्त ती आकडे फिरवते, हिशेब दाखवत नाही.

हिशेब देण्याघेण्याचाच आहे. सोडियम १ इलेक्ट्रॉन देतो आणि +१ होतो, क्लोरीन तो घेऊन −१ क्लोराइड होतो, झालं, एनएसीएल. मॅग्नेशियम २ देतो, मग घ्यायला दोन क्लोराइड लागतात, एमजीसीएल२. ॲल्युमिनियम +३ आणि ऑक्साइड −२ असले की दोघांना ६ वर भेटवायचं, म्हणून दोन ॲल्युमिनियम, तीन ऑक्सिजन.

आता रावेर-यावलकडे केळीला ड्रिपमधून सोडतात ते मॅग्नेशियम सल्फेट बघा. मॅग्नेशियम +२, सल्फेट −२. नुसतं तिरकस केलं तर एमजी२(एसओ४)२ येतं आणि बरीच पोरं तिथंच थांबतात. दोन्ही आकड्यांना २ नं भागलं की १ ला १ पुरतो, म्हणून एमजीएसओ४. पण भागाकारही डोळे झाकून करू नये, सोडियम पेरॉक्साइड एनए२ओ२ च राहतं, कारण तिथं ओ२ हा जोडीनं मिळून −२ प्रभाराचा एकच आयन आहे, तो फोडता येत नाही.

सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, फॉस्फेट असल्या मूलकांचं, म्हणजे अनेक अणू मिळून एकच प्रभार असलेल्या गटांचं पण तसंच. केळीची फणी समजा, दोन हव्या तर दोन फण्या घ्यायच्या, त्यातली केळी मोजून सुटी करायची नाहीत. म्हणून कॅल्शियम नायट्रेट सीए(एनओ३)२ असं कंसात. कंस विसरला की तिथं ३२ ऑक्सिजन दिसतात, आणि पेपर तपासणाऱ्याचा मूड जातो! फणी एकच असेल तर मात्र कंस लागत नाही, उदा. पोटॅशियम नायट्रेट केएनओ३. अमोनियम सल्फेटमध्ये कंस पुढं येतो, (एनएच४)२एसओ४, कारण अमोनियम +१ आहे आणि सल्फेटला दोन लागतात.

लोखंडासारखे धातू दोन प्रकारे वागतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोह +२, म्हणून एफईएसओ४, आणि फेरिकमध्ये लोह +३, मग एफई२(एसओ४)३. नावात रोमन आकडा घालून हा घोळ मिटवायची पद्धत आल्फ्रेड स्टॉकनं १९१९ मध्ये सुचवली. मोरचुदाच्या निळ्या खड्यात कॉपर सल्फेटसोबत पाण्याचे ५ रेणू असतात, पण पाण्याला प्रभार नाही म्हणून हिशेबात त्याची गणतीच नाही.

हे नुसतं पेपरापुरतं पण नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच टाकीत घट्ट कालवलं की आयन जोड्या बदलतात, कॅल्शियम +२ ला सल्फेट −२ भेटतं आणि जिप्सम तळाशी बसतं, ड्रिपर चोक. म्हणून ही दोन खतं वेगवेगळी सोडतात.

एक खटकणारी गोष्ट, आपल्याकडं सरसकट "रेणुसूत्र" म्हणतात, पण मिठाच्या खड्यात एनएसीएलचा सुटा रेणू नसतोच. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी बघितलं तर प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम. म्हणजे सूत्र फक्त प्रमाण सांगतं.

आणि दाणेदार कॅल्शियम नायट्रेटच्या गोणीत बहुतेक वेळा नुसतं सीए(एनओ३)२ पण नसतं, तो दुहेरी क्षार असतो, ५ कॅल्शियम नायट्रेट, १ अमोनियम नायट्रेट आणि १० पाणी. मोजून बघा: कॅल्शियमचे १० आणि अमोनियमचा १, झाले +११, समोर नायट्रेट पण ११ च.