ख्रिस्ती विश्वासात टिकून राहणे

ख्रिस्ती विश्वासात टिकून राहणे : आजारपण, घरातला मृत्यू, गरिबी, छळ, नातेवाइकांचा बहिष्कार किंवा मनाची लांबलेली मरगळ यांतून जातानाही येशू ख्रिस्तावरचा भरवसा न सोडणे, ही ख्रिस्ती धर्मजीवनातली एक मूलभूत कल्पना आहे. मराठी मंडळ्यांत (स्थानिक चर्चच्या समुदायांत) तिला ‘विश्वासात टिकणे’, ‘स्थिर राहणे’, ‘धीर धरणे’ असे म्हणतात. कोणी देवळात (चर्चमध्ये) यायचे बंद झाले, प्रार्थना सुटली, की ‘तो थंड पडला’, ‘ती मागे पडली’ असे म्हटले जाते. या चिकाटीचे मूळ माणसाच्या मनोबलात शोधू गेले तर ते हाती लागत नाही. पवित्र शास्त्रात आणि चर्चच्या परंपरेत टिकलेला माणूस बहुतेक वेळा कोणीतरी धरून ठेवलेला असतो : देवाने, आणि देवाच्या नावाने आसपासच्या माणसांनी. नागपूरच्या ख्रिस्ती समाजाच्या सुमारे १८० वर्षांच्या वाटचालीतही हेच पुन्हा पुन्हा आढळते.

बायबलच्या नव्या करारात शिष्यांना सुखाचे आश्वासन कुठेच नाही. ‘स्वतःचा वधस्तंभ उचलून माझ्यामागे या’ असे येशू सांगतो आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्याचे तारण होईल असे म्हणतो. प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहितो की संकटातून धीर येतो, धीरातून शील घडते आणि शीलातून आशा उपजते. हाच पौल करिंथकरांना लिहिताना आशिया या रोमन प्रांतातल्या हालअपेष्टांत आपण जगण्याचीही आशा सोडली होती, असे उघडपणे सांगतो. शरीरातला काटा (आपल्या एका व्यथेला तो असे म्हणतो) निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला.

जुन्या करारात तर तक्रारीला मोठी जागा आहे. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे ‘किती काळ, प्रभो?’ अशा आक्रोशाची आहेत आणि ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, पुढे दिलाशाची एक ओळही येत नाही. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाशी वाद घालतो. शेवटी देव रागावतो तो ईयोबाच्या मित्रांवर, ज्यांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधले होते. देवापाशी रडून भांडणे हा अविश्वास नव्हे, हे या ग्रंथांनी इतक्या ठळकपणे सांगूनही मंडळ्यांत ते वारंवार विसरले जाते.

खचलेल्या विश्वासूचे सर्वांत सविस्तर चित्र एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीत येते (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाल्यानंतर लगेच ईजबेल राणीच्या धमकीने तो पळतो, रानात एका रताम झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणतो. देव त्याला उपदेश करत नाही. दूत येऊन त्याला हलवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या पुढे करतो. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. मग होरेब डोंगरावर त्याची कैफियत दोनदा ऐकून घेतली जाते, काम दिले जाते, अलीशा हा सोबती दिला जातो आणि ‘मी एकटाच उरलो’ या त्याच्या समजुतीला उत्तर मिळते : इस्राएलात बआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत. अन्न, झोप, ऐकून घेणारा, काम आणि सोबत. खचलेल्या माणसाला सावरण्याचा हा क्रम मंडळीत आजही उपयोगी आहे, आणि उपदेश त्यात पहिला नाही.

विश्वासातून पडलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न चर्चला फार लवकर सोडवावा लागला. सम्राट डेशियसने इ.स. २५० मध्ये रोमन देवतांना यज्ञ करण्याचा हुकूम काढला तेव्हा अनेक ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने तो पाळला. छळ ओसरल्यावर ते परत आले. त्यांना कधीच घेऊ नये असे रोममधल्या नोव्हेशियनचे म्हणणे होते. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि बहुसंख्य चर्च यांनी पश्चात्तापानंतर दार उघडे ठेवले. येशूला तीनदा नाकारलेल्या पेत्र या शिष्यालाच पुढे मेंढरांची, म्हणजे अनुयायांची, जबाबदारी मिळाली होती, तेव्हा दुसरा निर्णय चर्चला शोभलाही नसता.

तात्त्विक वाद पुढे वाढला. शेवटपर्यंत टिकणे हे देवाचे दान आहे, असे धर्मपंडित संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात मांडले. नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या प्रॉटेस्टंट धर्मसभेने (१६१८–१९) आणि इंग्लंडमधल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराने (१६४६) त्याला पक्के रूप दिले : देवाने निवडलेले लोक घसरतील, पण कायमचे पडणार नाहीत. जॉन वेस्ली व मेथॉडिस्ट परंपरा म्हणते की मिळालेली कृपा माणूस गमावूही शकतो, म्हणून जागे राहावे. रोमन कॅथलिक शिकवणीनुसार शेवटपर्यंतच्या टिकावाची खात्री कोणी बाळगू नये, त्यासाठी प्रार्थना करावी. नागपुरात या तिन्ही प्रवाहांच्या मंडळ्या आहेत. प्रत्यक्षात आजाऱ्याच्या खाटेजवळ पाळक (मंडळीचा धर्मगुरू) कुठल्याही परंपरेचा असो, प्रार्थना जवळपास सारखीच असते.

नागपुरातल्या प्रॉटेस्टंट कार्याची सुरुवातच कठीण काळात झाली. १८४० च्या दशकाच्या आरंभी गोंड मुलखात आलेल्या जर्मन मिशनऱ्यांपैकी बहुतेक जण अल्पावधीत आजाराने दगावले. त्यानंतर १८४५ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले. त्या वेळी इथे भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप यांनी शाळा काढली, मराठीतून उपदेश केला, गोंडांच्या भाषा व चालीरीतींची टिपणे जमवली, नागपूर परिसराच्या भूगर्भाचा अभ्यास केला. धर्मांतरितांच्या संख्येवरून त्यांचे काम मोजले तर ते तोकडे वाटेल. ते मात्र १८ वर्षे या कामापासून हटले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये, म्हणजे त्यांच्यामागे वीस वर्षांनी सुरू झाले. पेरणाऱ्याला पीक पाहायला मिळत नाही, ही गोष्ट या विषयाच्या कुठल्याही प्रामाणिक मांडणीत आली पाहिजे.

मराठी ख्रिस्ती साहित्यातले सर्वांत जिवंत उदाहरण टिळक दांपत्याचे आहे आणि त्याचा धागा नागपूरशी जुळतो. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) काही काळ नागपुरात होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना वेड लावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि नाती तुटली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन पंढरपुरात राहिल्या. तो काळ त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिला आहे : रडणे, लोकांची कीव, नवऱ्याची वाट पाहणे, आणि त्याच्या नव्या धर्माविषयीचा राग. काही वर्षांनी त्या टिळकांकडे आल्या तेव्हाही ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. पाणी-शिवाशिवीचे सोवळे त्यांनी सोबत आणले होते. ते एकेक गळत गेले आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, त्यांनी टिळकांना सोडले नाही. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. पूर्वी अक्षरओळख जेमतेम असलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. पंडिता रमाबाईंचीही अशीच हकीकत आहे. दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू येण्यापूर्वी तडीस नेले.

नागपूरच्या सदर भागातील कॅथलिक कॅथेड्रल ज्यांच्या नावाने आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) स्वतः निराशेच्या विळख्यातून गेले होते. पॅरिसमध्ये शिकताना, १५८६–८७ च्या हिवाळ्यात, आपण कायमचे देवाला मुकणार या विचाराने त्यांना ग्रासले. अन्न जाईना, झोप येईना. काही आठवड्यांनी एका चर्चमध्ये मरियेच्या मूर्तीपुढे त्यांनी देवाची प्रार्थना केली : मरणानंतर तुझ्यावर प्रेम करता आले नाही तर निदान या आयुष्यात तरी करू दे. तिथे ते ओझे उतरले. पुढे मार्गदर्शक म्हणून लोकांना लिहिताना त्यांनी एक सल्ला सतत दिला, की इतरांशी जसे सबुरीने वागता तसे स्वतःशीही वागा. प्रार्थनेत रस वाटेनासा झाला म्हणजे देव दूर गेला असे समजू नये, नेम मात्र मोडू नये, हीही कॅथलिक परंपरेची जुनी शिकवण आहे.

शहरातल्या मंडळ्यांत टिकून राहण्याला आधार देणाऱ्या रीती साध्या आहेत. घरगुती प्रार्थनासभा ही त्यांतली मुख्य. संध्याकाळी कोणाच्या तरी घरी पुढच्या खोलीत सतरंजी पसरतात, म्हाताऱ्यांसाठी शेजाऱ्यांकडून खुर्च्या येतात, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातून गीत सुरू होते. मग पाळक किंवा घरातला वडीलधारा विचारतो, ‘प्रार्थनेचे विषय सांगा.’ आईची शुगर, मुलाची नोकरी, जावयाचे पिणे, कोर्टातली तारीख. एकेक विषय एकेकाने प्रार्थनेत घ्यायचा असतो. ज्याच्या घरी दुःख आहे तो बहुधा गप्प असतो आणि त्याने गप्प राहिलेले चालते. त्याच्या वाटची प्रार्थना दुसरा करतो. कफर्णहूमात पक्षाघाती माणसाला चौघांनी खाटेसकट छपरातून खाली सोडले, तेव्हा येशूने त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असे शुभवर्तमानात म्हटले आहे. प्रार्थनासभेचा आधार तोच आहे. सभेत साक्ष देण्याचीही, म्हणजे देवाविषयीचा स्वतःचा अनुभव सर्वांपुढे सांगण्याचीही, प्रथा आहे. बरे झालेल्यांच्या साक्षी पुष्कळ ऐकू येतात. बरे न होताही टिकलेल्यांच्या साक्षी कमी ऐकू येतात. त्या जास्त मोलाच्या असतात.

राखेच्या बुधवारपासूनचा ईस्टरपूर्व उपवासकाळ आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे वर्षातले या विषयाचे दिवस. उत्तम शुक्रवार मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो आणि दुपारी बारा ते तीनची उपासना नागपूरच्या ऐन उन्हात पडते. डोक्याला रुमाल-दुपट्टा बांधून लोक येतात. कूलरच्या घरघरीत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचने होतात. चौथा उद्गार ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आहे. हताश ख्रिस्ती माणसाला याहून जवळचे वचन नाही, कारण इथे खुद्द येशू त्याच्या बाजूला उभा आहे.

या कल्पनेचा गैरवापरही होतो आणि तो स्पष्ट सांगायला हवा. ‘तुमचा विश्वास कमी पडला म्हणून बरे झाला नाहीत’ हे वाक्य आजाऱ्याला ऐकवणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची चूक पुन्हा करणे. सतत झोप न लागणे, रडू येणे, मरणाचे विचार येणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी प्रार्थनेबरोबर मानसोपचारतज्ज्ञ गाठणे आणि गोळ्या वेळेवर घेणे हे विश्वासाविरुद्ध नाही. एलीयाला आधी भाकरच मिळाली होती. नवऱ्याची मारहाण ‘वधस्तंभ समजून’ सोसत राहा, असा सल्ला कोणी बाईला देत असेल तर तो शास्त्राच्या नावावर अन्याय आहे. येशूने वधस्तंभ स्वतः पत्करला, दुसऱ्याच्या अंगावर लादला नाही.

काही संकटे एकेकट्या घराची नसतात. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला, दलित ख्रिस्ती बाहेर राहिले. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या या शहरात हा फरक एकाच वस्तीतल्या दोन घरांत दिसू शकतो. जात दोघांची एकच असते, दाखला मात्र वेगळा. दाखल्यासाठी कागदावरचा धर्म बदलण्याचा मोह अशा घरांपुढे खरा असतो आणि त्यांचे टिकणे फुकटचे नसते. नागपुरात मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया (स्थापना १९१४) या हक्कासाठी अनेक वर्षे मागणी करत आहे, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे २००४ पासून आहे. मंडळ्यांच्या सामूहिक चिकाटीचे दुसरे उदाहरणही याच शहरातले : उत्तर भारतातल्या चर्चच्या ऐक्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली, मसुदे फिरले, काही मंडळ्या ऐन वेळी मागे हटल्या, आणि ४१ वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, सहा चर्चसंस्था नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. बोलणी सुरू करणाऱ्यांपैकी बरेच जण तोवर हयात नव्हते.