रंगाखालची कवटी

प्राण्याची कवटी रंगवून घरात मांडण्याची हौस आज अनेक देशांत दिसते आणि तिच्याविषयीचं बोलणं बहुधा नक्षी आणि रंगसंगतीपाशी थांबतं. मला या कलेचा अधिक मोलाचा इतिहास रंगाच्या खाली दिसतो. कवटी रंगवायला माणूस फार लवकर शिकला. ती भिंतीवर वर्षानुवर्षं तशीच राहील इतकी स्वच्छ करणं मात्र त्याला कित्येक हजार वर्षांनी जमलं, आणि तेही कलाकारांमुळे नव्हे.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात कूपर नावाच्या स्थळी १९९४ साली बायसनच्या हाडांच्या ढिगात एक कवटी मिळाली. तिच्या कपाळावर लाल गेरूजातीच्या रंगाने विजेसारखी नागमोडी रेघ ओढलेली होती. फॉल्सम संस्कृतीच्या शिकाऱ्यांनी ती १० हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रंगवली. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या रंगवलेल्या वस्तूंत तिची गणना होते. नंतरच्या शिकारीतले सांगाडे आणि गाळ यांच्याखाली ती झाकली गेली, म्हणून रंग वाचला.

तुर्कस्तानातल्या चाताल्ह्युयुकमध्ये, सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी, बैलांच्या शिंगांसकट कवट्या मातीच्या लेपात बसवून घरांच्या भिंतींवर आणि ओट्यांवर लावत. सुदानमधल्या कर्मा इथे एका थडग्याभोवती ४ हजारांहून जास्त गुरांच्या कवट्या मांडलेल्या सापडल्या. या साऱ्यांत मला सर्वांत जिवंत वाटते ती इजिप्तमधल्या मोस्तागेद्दाची गुराची कवटी. पॅन-ग्रेव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांच्या दफनभूमीत मिळालेल्या या कवटीवर हाती कुऱ्हाड घेतलेला माणूस रंगवला आहे आणि शेजारी चित्रलिपीत त्याचं नावही लिहिलं आहे. तिला सुमारे साडेतीन हजार वर्षं झाली. तिथल्या कोरड्या हवेने जे टिकवलं, ते दमट प्रदेशात कधीच उरलं नसतं.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरच्या मूळ रहिवाशांनी ही परंपरा पुढे जिवंत ठेवली. सूर्यनृत्याच्या विधीत बायसनची कवटी मानाने मांडली जाई. तिच्यावर रंगाचे ठिपके आणि पट्टे काढत, डोळ्यांच्या खोबणीत गवत भरत. अमेरिकी सरकारने १८८३ साली या विधीवर बंदी आणली. त्याच सुमारास बायसनचे कळप संपवले गेले आणि त्यांची हाडं मैदानांवरून गोळा करून खतासाठी आणि साखर शुद्ध करायच्या हाडकोळशासाठी कारखान्यांत गेली. ज्या कवटीपुढे लोक नतमस्तक होत, ती टनावर विकली गेली. आज सजावट म्हणून बायसनची कवटी रंगवणाऱ्याने हे ठाऊक करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

स्वच्छ करण्याचं शास्त्र आलं ते शरीरशास्त्राकडून. व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ साली छापलेल्या ग्रंथात सांगाडा तयार करण्याच्या रीती दिल्या. जुनी रीत चुना आणि वाहत्या पाण्याची होती. त्याची पसंती उकळण्याला होती. उकळल्याने मांस लवकर सुटतं, पण चरबी हाडात आणखी मुरते, दातांना चिरा जातात आणि नाकातली पापुद्र्यासारखी हाडं मोडतात. म्हणून संग्रहालयांनी सावकाश मार्ग धरले: कोमट पाण्यात जिवाणूंकडून मांस कुजवून घेणं, किंवा डर्मेस्टिड कुळातल्या भुंगेऱ्यांकडून ते खाववणं. हाडं साफ करण्यासाठी या भुंगेऱ्यांच्या वापरावर हॉल आणि रसेल यांनी १९३३ साली लेख प्रसिद्ध केला आणि आजही मोठ्या संग्रहालयांत त्यांच्या वसाहती पाळतात.

तरी मांस गेलं म्हणजे कवटी तयार झाली असं नाही. सच्छिद्र हाडात चरबी राहते आणि पुढे पिवळे, पारदर्शक डाग होऊन वर येते. तिच्यावरचा रंग धरत नाही, सुटू लागतो. अस्वल आणि डुक्कर यांच्या कवट्या यात विशेष त्रासदायक. उपाय म्हणजे साबण घातलेल्या कोमट पाण्यात कवटी ठेवणं आणि पाणी गढूळ झालं की बदलणं, आठवडे लागले तरी. घाई केलेली इथे हमखास उघडी पडते. पांढरेपणासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड योग्य. ते १८१८ पासून माहीत आहे. घरगुती क्लोरीनचं ब्लीच मात्र हाडाला बांधून ठेवणारं कोलॅजन खातं, आणि हाड खडूसारखं भुसभुशीत होतं.

दिवाणखान्यातल्या कवटीला प्रतिष्ठा मिळवून देण्यात चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ यांचा वाटा मोठा. न्यू मेक्सिकोतली हाडं त्यांनी १९३० साली पिंपात भरून न्यूयॉर्कला नेली आणि कॅनव्हासवर रंगवली. प्रत्यक्ष हाडावर रंगकाम सोपं झालं ते १९५०च्या दशकात पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आल्यावर. तैलरंग सुकायला वेळ घेतात आणि त्यांतलं तेल हाडात शिरतं. ॲक्रिलिकचा थर लवकर सुकतो आणि वाकला तरी तडकत नाही. १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स करारामुळे दुर्मीळ प्राण्यांच्या कवट्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, त्यामुळे कवटी कुठून आली याची नोंद ठेवणंही आता कामाचाच भाग आहे. ठिसूळ झालेल्या जुन्या कवटीला रंगाआधी बळकटी द्यायची असेल, तर जतनतज्ज्ञ ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखं द्रव्य पाजतात. पुढे कधी ते काढावं लागलं, तर त्याच ॲसिटोनने निघतं.