अ‍ॅव्होकॅडोची बी मुळासाठी रुजवा

वाशीच्या घाऊक फळबाजारापासून ठाण्यात नौपाड्यातल्या फळवाल्यापर्यंत अ‍ॅव्होकॅडो आता सगळीकडे दिसतो. फळ खाऊन झालं की एक भलीमोठी गुळगुळीत बी उरते, आणि बागेची आवड असलेल्या माणसाला ती टाकवत नाही. तीन टूथपिक टोचून पाण्याच्या ग्लासवर ठेवली की महिना-दीड महिन्यात खालून मूळ आणि वरून तांबूस कोंब निघतो. घोडबंदर रोडच्या टॉवरांत, ऐरोली-नेरुळच्या बाल्कन्यांत असं एखादं रोप हमखास आढळतं. कुंडीत लावलं की ते झपाट्यानं उंच होतं आणि मग घरातले विचारू लागतात, याला फळ कधी धरणार?

बीपासून वाढलेल्या झाडाला फळ यायला पाच ते पंधरा वर्षं लागू शकतात. आलेलं फळ कसं असेल, हेही आधी सांगता येत नाही. हापूसची कोय रुजवली तर हापूस मिळत नाही, रायवळ मिळतो, हे कोकणात पोराटोरांनाही माहीत असतं. अ‍ॅव्होकॅडोचंही तसंच आहे आणि त्याचं कारण त्याच्या फुलात आहे. हे फूल दोनदा उमलतं. पहिल्यांदा ते मादी असतं, म्हणजे परागकण घ्यायला तयार असतं, पण त्याच्याकडे द्यायला पराग नसतो. काही तासांनी ते मिटतं आणि दुसऱ्या दिवशी नर होऊन पुन्हा उघडतं. झाडावरची सगळी फुलं हे वेळापत्रक जवळजवळ एकदम पाळतात. ‘अ’ गटातल्या जातींची फुलं सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर होतात. ‘ब’ गटात दुपारनंतर मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. त्यामुळे पराग बऱ्याचदा दुसऱ्याच झाडाचा येतो आणि प्रत्येक बीत गुणांची नवी सरमिसळ होते.

म्हणून बीकडून फळाची अपेक्षा धरू नये, तिच्याकडून मूळ घ्यावं, असं मला ठामपणे वाटतं. फळ देणारी फांदी चांगल्या झाडावरून आणावी आणि त्या मुळावर कलम करावी. ठाणे-नवी मुंबईत तर अ‍ॅव्होकॅडो तगतो की जातो, हे बहुतेक वेळा मुळावरच ठरतं.

जगाच्या बाजारात सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या ‘हास’ जातीची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास या पोस्टमननं 1920च्या दशकात काही बिया लावल्या. रोपं खुंट म्हणून, म्हणजे कलमाला मूळ पुरवणारा खालचा भाग म्हणून, वापरायची आणि त्यांवर त्या काळची ‘फुएर्ते’ ही नावाजलेली जात चढवायची, असा त्याचा बेत होता. एका रोपावर कलम काही केल्या लागेना. ते रोप तसंच वाढू दिलं आणि त्याला आलेली फळं घरच्यांना फार आवडली. 1935 साली हासनं या जातीचं पेटंट घेतलं. आज पृथ्वीवर जिथे जिथे हासची झाडं आहेत, ती सगळी त्या एका झाडाच्या फांद्यांची कलमं आहेत. ते मूळ झाड मात्र 2002 साली मुळकूज रोगानं मेलं. त्याच्याच फांद्या दुसऱ्यांच्या मुळांवर जगभर फळं देत आहेत.

ही मुळकूज करतो फायटोफ्थोरा सिनामोमी नावाचा जीव. त्याचं पहिलं वर्णन 1922 साली सुमात्रातल्या दालचिनीच्या झाडांवरून झालं, आणि दालचिनी ही अ‍ॅव्होकॅडोच्याच कुळातली. दिसायला तो बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नव्हे. तो पाण्यातून फिरणारे, शेपटीवाले बीजाणू सोडतो. मातीच्या कणांमधल्या पाण्यातून ते पोहत येतात आणि कोवळ्या मुळांना चिकटतात. अ‍ॅव्होकॅडोची अन्न घेणारी मुळं जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात, त्यांवर मूलरोम, म्हणजे पाणी शोषणारे बारीक केसही, फारसे नसतात. मातीत पाणी साचून राहिलं तर त्यांना प्राणवायू मिळत नाही आणि त्याच ओल्या मातीत या जीवाचं फावतं. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. आपल्याकडची झाडं जुलै-ऑगस्टमध्ये एकाएकी माना टाकतात तेव्हा माणसं आणखी पाणी घालतात, खत घालतात. त्या वेळी खरं तर निचरा बघायला हवा.

दुसरी अडचण खाडीची. ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर बोअरच्या पाण्यात क्षार असू शकतात आणि कितीतरी सोसायट्यांमध्ये बागेला तेच पाणी दिलं जातं. क्लोराइडच्या बाबतीत अ‍ॅव्होकॅडो फार नाजूक आहे. पानांची टोकं आणि कडा करपू लागतात. इथे कोणत्या बीचा खुंट घेतला याला महत्त्व येतं. अ‍ॅव्होकॅडोचे तीन मोठे वंश मानले जातात: मेक्सिकोच्या डोंगरांतला, ग्वाटेमालाच्या उंच भागातला आणि उष्ण सखल प्रदेशातला, ज्याला वेस्ट इंडियन म्हणतात. मेक्सिकन वंश थंडी सोसतो. वेस्ट इंडियन उष्मा आणि खारटपणा सोसतो, कारण त्याची मुळं क्लोराइड वर पानांत कमी जाऊ देतात. खारट पाण्यावर शेती करणाऱ्या इस्रायलमध्ये याच कारणानं वेस्ट इंडियन खुंट वापरले जातात. हास हा ग्वाटेमाली आणि मेक्सिकन यांचा संकर. तेव्हा दुकानातल्या खरबरीत, काळपट, परदेशी हासची बी खुंटाला घेण्यापेक्षा कूर्ग किंवा वायनाडकडून येणारं मोठं, हिरवं, गुळगुळीत सालीचं फळ घ्यावं आणि त्याची बी रुजवावी. दक्षिणेतल्या या झाडांत वेस्ट इंडियन रक्त बरंच असतं. प्रत्येक बी वेगळी निघणार, हे इथेही खरंच. म्हणून चार-पाच बिया लावाव्यात आणि सगळ्यात जोमदार रोप ठेवावं.

बी ताजी हवी. ही बी वाळली की मरते, धान्यासारखी साठवून ठेवता येत नाही. वरचं तपकिरी साल सोलून काढलं तर लवकर रुजते. ग्लासातल्या पाण्यापेक्षा सरळ मातीत, रुंद बाजू खाली आणि टोक किंचित वर ठेवून लावलेली बी मला जास्त पसंत आहे. मुळं पहिल्यापासून मातीशी जुळवून घेतात.

आता कलमाकडे येऊ. खोडाच्या सालीखाली, लाकूड आणि साल यांच्यामध्ये, कॅम्बियम नावाचा अतिशय पातळ थर असतो. जाडी मोजक्या काही पेशींची. हा थर आतल्या बाजूला पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या तयार करतो आणि बाहेरच्या बाजूला पानांत तयार झालेली साखर खाली आणणाऱ्या रसवाहिन्या. खुंटाला चीर देऊन त्यात दुसऱ्या झाडाच्या फांदीची, पाचरीसारखी तासलेली काडी बसवली की दोन्ही बाजूंच्या कापलेल्या पेशी मरतात आणि तिथे पातळ तपकिरी पडदा धरतो. त्यामागच्या जिवंत पेशी भराभर विभागू लागतात. त्यांचा पांढरट, मऊ पुंजका, म्हणजे कॅलस, दोन्हीकडून वाढत जाऊन एकमेकांत मिसळतो. पुढचा टप्पा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. काडीवरचे डोळे ऑक्झिन नावाचं संप्रेरक खाली सोडतात. त्या प्रवाहाच्या वाटेवर, काल-परवापर्यंत नुसता गोळा असलेल्या कॅलसमधून नवं कॅम्बियम तयार होतं आणि खुंटाच्या वाहिन्या काडीच्या वाहिन्यांना जोडल्या जातात. काडी काडीच राहते आणि खुंट खुंटच. जोडाच्या वर एका झाडाचा डीएनए, खाली दुसऱ्याचा, आणि दोघांमधून पाणी एकच वाहतं.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. कॅम्बियमला कॅम्बियम भिडलं पाहिजे. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध न बसवता एका कडेला सरकवावी, म्हणजे निदान त्या बाजूची साल सालीला जुळते. दुसरी गोष्ट अशी, की जोड लागेपर्यंत काडीला खालून पाणी मिळत नाही. ती स्वतःतल्या साठ्यावर दोन-तीन आठवडे काढते. तेवढा वेळ तिला वाळू द्यायचं नाही. कलम फसतं ते बहुतेक याच दोन ठिकाणी.

कोकणाला हे तंत्र परकं नाही. रुजून जेमतेम दोन आठवडे झालेल्या, पानं अजून तांबूस असलेल्या आंब्याच्या रोपावर पावसाळ्यात कोय कलम करतात. कोयीत साठलेलं अन्न जोडाला पुरतं आणि हवेतला दमटपणा काडीला वाळू देत नाही. अ‍ॅव्होकॅडोची बी आंब्याच्या कोयीपेक्षाही भरलेली असते आणि रोप वाढू लागलं तरी बराच काळ त्याला चिकटून राहते. त्यामुळे रोप वीतभर उंच आणि पेन्सिलपेक्षा थोडं बारीक असतानाच पाचर कलम करता येतं. बी अजिबात तोडायची नाही. आंब्याचं कलम बांधता येणारा माणूस हे सहज करील. ठाण्यात कोकणातल्या माणसांची उणीव नाही, एखाद्या नात्यातल्या काकांना गाठावं.

काडी फळ देणाऱ्या झाडाचीच हवी. कोवळ्या रोपाची काडी चढवली तर कलम लागेल, पण फळासाठी पुन्हा तितकीच वाट बघावी लागेल. फांदीचं वय फांदीबरोबर येतं, म्हणून फळलेल्या झाडाचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलायला लागतं. जात कुठली? मी इथे हासच्या मागे लागणार नाही. त्याला थंड, कोरडी हवा मानवते आणि आपला एप्रिल-मे त्याच्या मोहोराला झेपत नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का सुप्रीम’ किंवा तमिळनाडू कृषी विद्यापीठाची ‘टीकेडी-1’ अशा दक्षिणेतल्या जाती विश्वासू रोपवाटिकेतून मिळवाव्यात. आसपास कुणाच्या अंगणात चांगलं फळणारं झाड असेल तर त्याहून बरं, कारण ते या हवेत आधीच टिकलेलं असतं.

निवडलेल्या फांदीच्या शेंड्याची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापावीत. डोळे फुगतात, देठ बोट लावताच गळतात, तेव्हा काडी तयार. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत आणावी आणि शक्य तर त्याच दिवशी वापरावी. खुंट बीपासून आठ-दहा सेंटिमीटरवर सरळ छाटायचा, मधोमध तीन सेंटिमीटर चीर द्यायची, काडीला तेवढीच दोन्ही बाजूंनी पाचर काढायची, एकाच सफाईदार घावात. बसवली की पॉलिथिनच्या पट्टीनं घट्ट बांधायची आणि वरून बर्फाच्या पेप्सीला वापरतात तशी लांबट पिशवी उलटी घालून खाली दोऱ्यानं आवळायची. कुंडी उजेडाच्या सावलीत ठेवावी. थेट उन्हात पिशवीच्या आत काडी शिजते. तीन-चार आठवड्यांत डोळे फुटतात, मग पिशवी काढावी. पट्टी दोन-तीन महिन्यांनी. खुंटाला जोडाच्या खालून कोंब फुटत राहतील, ते दिसले की खुडावेत, नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो.

चाकूबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. अ‍ॅव्होकॅडोला ‘सनब्लॉच’ नावाचा रोग होतो आणि तो घडवणारा व्हायरॉइड हा जगातल्या सर्वांत लहान रोगकारकांपैकी एक आहे. आरएनएचा अडीचशेच्या आसपास न्यूक्लिओटाइडांचा नुसता एक वेढा. प्रथिनाचं वेष्टनसुद्धा नाही. कोविडच्या विषाणूत अशी सुमारे 30 हजार न्यूक्लिओटाइडं असतात. हा व्हायरॉइड बीतून, काडीतून आणि कापणाऱ्या पात्यावरून पसरतो. काही झाडं लक्षण न दाखवताच तो बाळगून असतात. स्पिरिटनं पातं पुसलं तर जिवाणू मरतात, पण व्हायरॉइडवर त्याचा भरवसा नाही. त्यासाठी ब्लीचच्या द्रावणात पातं बुडवावं, मग धुऊन पुसून घ्यावं.

जमिनीत लावायचं असेल तर खड्डा करू नये, उंचवटा करावा. गुडघ्याएवढा, रुंद, उतरता. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. गच्चीवर शंभर-दीडशे लिटरचा, बुडाला भरपूर भोकं पाडलेला ड्रम घ्यावा. आणि सोसायटीत झाडून काढलेला जो पाचोळा रोज जाळला जातो किंवा कचऱ्याच्या गाडीत जातो, तो बुंध्यापासून हातभर जागा सोडून जाड थरानं पसरावा. फायटोफ्थोराच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या असतात, खऱ्या बुरशीसारख्या कायटिनच्या नसतात. पाचोळा आणि लाकडाचा भुसा कुजवणारे सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडणारी विकरं (एन्झाइम) सोडतात, आणि ती विकरं या शत्रूच्या भिंतीही तोडतात. ऑस्ट्रेलियातल्या बागायतदारांनी मुळकुजीविरुद्ध जाड आच्छादनाचा असा उपयोग केला आहे. तरीही आपण पाचोळा जाळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरात पोपट, ससे किंवा शेळी असेल तर छाटलेली पानं त्यांच्या तोंडाला लागू देऊ नका. पानांत पर्सिन नावाचं द्रव्य असतं आणि ते त्यांना घातक ठरतं.

एकाच झाडापुरती जागा असलेल्यांसाठी कलमाचा आणखी एक फायदा आहे. एकट्या झाडालाही फळ धरतं, कारण हवामानातल्या चढउतारांमुळे नर आणि मादी फुलांच्या वेळा थोड्या एकमेकांवर येतात. पण लाखो फुलांतून हजारात एखादंही फळ टिकत नाही, तिथे मदत मिळालेली बरी. पहिली काडी ‘अ’ गटातल्या जातीची लागून जोमानं वाढली की वर्षभरानं तिच्याच एका फांदीवर ‘ब’ गटातली काडी बांधावी. सकाळी एका बाजूची फुलं पराग देतील तेव्हा दुसऱ्या बाजूची घ्यायला तयार असतील, दुपारी उलट. मधमाश्यांना त्यासाठी दुसऱ्या इमारतीच्या बागेत जावं लागणार नाही. फक्त दोन्ही फांद्यांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधून ठेवा आणि छाटताना दोन्ही बाजूंना सारखी जागा द्या, नाहीतर जोमदार फांदी दुसरीला सावलीत टाकते.