शाळा व्यवस्थापन समिती : आराखडा आणि हिशेब

शाळा व्यवस्थापन समिती ही जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकेच्या शाळांमधली, पालकांचे बहुमत असलेली वैधानिक समिती. शाळेचा विकास आराखडा तयार करणे, मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे आणि हिशेब पालकांपुढे ठेवणे ही तिची मुख्य कामे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 (अंमल 1 एप्रिल 2010 पासून) याच्या कलम 21 आणि 22 मध्ये तिची तरतूद आहे.

प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे सोपवण्याची प्रथा मुंबई इलाख्यात 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्यापासूनची. 1947 च्या कायद्याने जिल्हा शाळा मंडळे आणि नगरपालिकांची शिक्षण मंडळे कारभार पाहू लागली. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ग्रामीण शाळा त्यांच्याकडे गेल्या. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ग्रामशिक्षण समित्या होत्या. ती समिती गावाची असे, आताची समिती शाळेची आहे.

महाराष्ट्रात समितीत 12 ते 16 सदस्य असतात. त्यांपैकी किमान 75 टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना पटातील प्रमाणानुसार जागा द्यावी लागते. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ येतात. पालक सदस्यांची निवड पालकसभेत होते, अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. मुदत दोन वर्षांची. बैठक महिन्यातून एकदा व्हायला हवी.

शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्याच्या पोटात तीन वार्षिक आराखडे असतात. वर्गवार अपेक्षित पट, लागणारे जादा शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाणी, संरक्षक भिंत आणि या सगळ्याला लागणारा पैसा त्यात मांडायचा असतो. अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्यांनी तो आर्थिक वर्ष संपण्याआधी वर पाठवला जातो. शासनाच्या अनुदानाचा आधार हाच आराखडा असावा, असे कलम 22 सांगते. प्रत्यक्षात गाडी इथेच अडते, कारण आराखडा गरजेवर बनतो आणि पैसा पटावर मिळतो.

समग्र शिक्षा या केंद्रपुरस्कृत योजनेतून शाळेच्या वार्षिक किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाचे टप्पे ठरलेले आहेत. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000, 1000 पर्यंत 75,000 आणि त्यापुढे 1 लाख. किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. म्हणजे 28 मुलांच्या वाडीवरच्या शाळेत 1,000 रुपये झाडू, फिनेल, साबण आणि तोट्यांना गेले की हाती राहतात 9,000, महिन्याला 750. त्यातच वीजबिल, खडू, हजेरीपत्रके आणि पंख्याची दुरुस्ती. आराखड्यात दोन वर्गखोल्या मागितलेल्या असल्या तरी या पैशात त्यांची चर्चासुद्धा व्यर्थ. पट 30 वरून 31 झाला की मात्र रक्कम एकदम अडीचपट होते. यू-डायस या शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीत दाखवलेल्या पटाला म्हणूनच छोट्या शाळांत एवढे महत्त्व. शिक्षकांचे पगार समितीच्या हातात कधीच नव्हते.

पूर्वी समितीच्या बँक खात्यात पैसे पडून राहत. 2021 नंतर केंद्रपुरस्कृत योजनांसाठी राज्याचे एकच खाते आले आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा मिळू लागली. ती 31 मार्चपर्यंत वापरली नाही तर जाते. निधी वर्षाअखेरीस आला की मुख्याध्यापकांची दरपत्रके, ठराव आणि पावत्या गोळा करण्याची जी धावपळ होते ती कुठल्याही शिक्षकाला विचारावी. घाईत घेतलेली वस्तू गरजेची असतेच असे नाही.

हिशेब लोकांपर्यंत जाण्याची वाट जुनीच आहे. सभेची नोटीस निघते, विषय क्रमांक 1 ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ असतो, शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’. खर्चाच्या ठरावाखाली सूचक आणि अनुमोदकाचे नाव येते. रोकडवही, व्हाउचर आणि साठा नोंदवही जुळावी लागते आणि खात्यांचे दरवर्षी लेखापरीक्षण होते. इतिवृत्त लोकांना पाहता यायला हवे. चांगल्या शाळा मिळालेली रक्कम आणि खर्च दर्शनी भागातल्या फलकावर लिहितात, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतात. बऱ्याच ठिकाणी मात्र वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि सभा कागदावर ‘संपन्न’ होते. मजुरी बुडवून दुपारी शाळेत येणे पालकांना परवडत नाही, हे त्यामागचे खरे कारण. सभा संध्याकाळी ठेवली की आयांची उपस्थिती वाढते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे.

मोठी मागणी पुढे रेटायची तर समितीला ग्रामसभेत जावे लागते. स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, संरक्षक भिंत अशी कामे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालून वित्त आयोगाच्या निधीतून करता येतात. उरलेली तूट लोकवर्गणीने भरून निघते. रंगकाम, संगणक, बाके अशा कामांसाठी गावकरी आणि मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी हात सैल सोडतात. या देणग्यांचीही पावती आणि नोंद हवीच.

शिक्षणहक्क अधिनियमातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांतील समितीचे काम फक्त सल्ल्यापुरते उरले आहे आणि त्यांना विकास आराखडा करण्याचे बंधन नाही. विनाअनुदानित खासगी शाळांना कलम 21 लागूच होत नाही.