गाडी जागेवर, इशारे ४३

मागच्या महिन्यात भाचा सकाळी ७ लाच घरी आला आणि चहा व्हायच्या आधीच मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामा, हे बघा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही." त्याचं इंदूरला छोटं ट्रान्सपोर्ट आहे. गाड्या ९. पीथमपूरहून माल उचलायचा आणि धुळे-नाशिककडे पोहोचवायचा. सगळ्या गाड्यांना जीपीएस बसवलंय. देवास नाक्याजवळच्या यार्डाभोवती त्याने सॉफ्टवेअरमध्ये एक वर्तुळ आखलं होतं आणि नियम लावला होता की रात्री १० ते पहाटे ५ या वेळात गाडी वर्तुळाबाहेर गेली किंवा आत आली की मेसेज यावा. त्या एका रात्रीत एकाच गाडीचे ४३ मेसेज आले. बाहेर गेली, आत आली, बाहेर गेली, आत आली. पहिला मेसेज आला तेव्हा हा बिचारा स्कूटर काढून यार्डात पोहोचला. गाडी पत्र्याच्या शेडला लागून उभी, इंजिन थंडगार, चाकामागे लावलेले दगड जागच्या जागी.

नकाशावर मात्र त्या रात्रीचा माग म्हणजे कोळ्याचं जाळं. शेडभोवती कुणीतरी गाडी गरागरा फिरवत होतं असं वाटावं. चौकीदाराने ते पाहिलं आणि "भैया, कुछ तो है यहाँ" म्हणून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने नारळ फोडला, बंपरला नवं लिंबू-मिरची लटकलं. मी पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं आहे, त्यामुळे हे ऐकून मला खरोखर वाईट वाटलं. भुतावर खापर फोडलं की खरं कारण शोधायचं राहून जातं. इथे तर ते कारण कोणत्याही भुतापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

आधी एक सार्वत्रिक गैरसमज बाजूला करू. उपग्रह वरून आपल्या गाडीवर नजर ठेवतो, असं बहुतेकांना वाटतं. उपग्रहाला आपली गाडी आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो फक्त स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा सतत सांगत राहतो, आकाशवाणीच्या केंद्रासारखा. गाडीतली जीपीएसची डबी ते ऐकते. संदेश तिथून निघाला कधी आणि इथे पोहोचला कधी यातला फरक सेकंदाच्या साधारण १५ व्या भागाइतका असतो. त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. अशी निदान ४ उपग्रहांची अंतरं जुळवून डबी आपली जागा स्वतः काढते, आणि मग आतल्या सिमकार्डावरून, साध्या मोबाईल नेटवर्कवरून, ती सर्व्हरला, म्हणजे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या दूरच्या संगणकाला, कळवते. इशारा द्यायचा की नाही हे तो सर्व्हर ठरवतो, आपण लावून दिलेल्या नियमाप्रमाणे.

आता त्या गुणाकाराकडे नीट पाहा. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटीमीटर. वेळ मोजण्यात अशा १०० भागांची चूक झाली की अंतर ३० मीटरने चुकलं. पत्र्याची शेड नेमकी हीच चूक करवते. उपग्रहाची लहर सरळ डबीपर्यंत न येता आधी पत्र्यावर आपटते, तिथून उसळते आणि लांबच्या वाटेने पोहोचते. डबीला वाटतं, उपग्रह आणखी लांब आहे. शिवाय शेडने अर्धं आकाश झाकलेलं, म्हणजे चांगले उपग्रह थोडेच दिसणार. मोकळ्या आकाशाखाली ३ ते ५ मीटरची चूक धरून चालतात. शेडच्या कुशीत ती २०-३० मीटर सहज होते.

भाच्याबरोबर मी यार्डात गेलो आणि मोबाईल हातात धरून शेडलगत नुसता उभा राहिलो. पडद्यावर अक्षांश-रेखांश चालू. पाचव्या दशांशातला आकडा १ ने बदलला म्हणजे साधारण १ मीटर. मी जागचा हललो नव्हतो आणि तो पाचवा आकडा सावकाश चढत होता: ४, ५, ७, ९, मग चौथा आकडाही बदलला. जरा थांबून पुन्हा उतरायला लागला. भाचा बघतच राहिला.

इंदूरच्या आकाशाचीही यात एक भर आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनोस्फियरमध्ये, सूर्याच्या किरणांनी सुटे झालेले इलेक्ट्रॉन असतात आणि त्यातून जाताना उपग्रहाचा संदेश रेंगाळतो. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं. आपल्या देशातून पहिलं रॉकेट १९६३ मध्ये सुटलं, त्यासाठी केरळातलं थुंबा निवडलं ते त्याचमुळे. तिथे दिवसा हे इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतात, कारंजं वर जाऊन दोन्ही बाजूंना पडावं तसे. उत्तरेकडे त्यांची रास जिथे पडते तो पट्टा आपल्या माळव्याच्या आसपास येतो. मुंबई-दिल्लीच्या माणसाने इंदूरला मागास समजावं, पण आयनोस्फियरच्या अभ्यासकाला आपलं आकाश सोन्याची खाण आहे. दुपारी ही रास सर्वांत दाट असते. उपग्रह सोबत एक दुरुस्तीचं सूत्रही पाठवतो, त्याने यातली साधारण निम्मी चूक निघते, उरलेली राहते. यार्डातला मुख्य गुन्हेगार पत्राच, हे खरं. पण तळाशी ही काही मीटरची चूकही असतेच.

आता मुद्द्याची गोष्ट. भाच्याचं वर्तुळ १०० मीटर त्रिज्येचं होतं आणि गाडी उभी होती मध्यापासून ९२ मीटरवर. म्हणजे सीमारेषा ८ मीटर लांब आणि चूक २५ मीटरची. जागा कधी रेषेच्या आत पडणार, कधी बाहेर, आणि रेषा ओलांडली की नियमाप्रमाणे मेसेज. सॉफ्टवेअरने सांगितलेलं काम चोख केलं होतं.

यावरचा उपाय प्रत्येक इंदूरकराच्या गच्चीवर आहे. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून टाकीला आपण ऑटोमॅटिक स्विच लावतो. त्यात पाण्याची पातळी ओळखणाऱ्या दोन तारा असतात, एक खाली आणि एक वर. पाणी खालच्या तारेच्याही खाली गेलं की मोटर चालू, वरच्या तारेला लागलं की बंद, आणि मधल्या पट्ट्यात जे चाललंय तेच चालू द्यायचं. दोन तारांऐवजी एकच असती तर पाण्याच्या प्रत्येक लाटेबरोबर मोटर चालू-बंद, चालू-बंद झाली असती आणि आठवड्यात जळाली असती. भाच्याच्या यार्डाला एकच तार होती. दोन हव्यात. 'आत आली' म्हणायला १०० मीटर, पण 'बाहेर गेली' म्हणायला १५०. मधल्या ५० मीटरच्या पट्ट्यात गाडीची आधीची जी स्थिती असेल तीच कायम. हा पट्टा चुकीपेक्षा रुंद असला की मेसेज थांबतात.

याला जोडून वेळेची अट घालतात आणि तिथे बरेच जण फसतात. भाच्याला कुणीतरी सांगितलं होतं, "लागोपाठ ३ नोंदी बाहेरच्या आल्या तरच मेसेज लाव." डबी दर १० सेकंदांनी नोंद पाठवत होती. हिशेब वरवर पक्का दिसतो: एक नोंद चुकायची शक्यता निम्मी धरली तर तिन्ही चुकायची शक्यता आठवा भाग. पण हा हिशेब तिन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्या तरच लागू होतो. शेडवरून उसळणारी लहर उपग्रह आकाशात सरकतो तशी हळूहळू बदलते. तिला मिनिटं लागतात. म्हणजे आत्ता बाहेर पडलेली जागा १० सेकंदांनी आणि २० सेकंदांनीही बहुधा बाहेरच असणार. आपण ३ साक्षीदार बोलावले असं वाटतं, प्रत्यक्षात एकाच साक्षीदाराला ३ वेळा विचारलेलं असतं. गणितात याला सहसंबंध म्हणतात. उभ्या गाडीसाठी अट नोंदींवर न घालता मिनिटांवर घालावी, ५ मिनिटं किंवा जास्त.

चालत्या गाडीचं गणित मात्र अगदी उलटं. ताशी ६० ने धावणारी गाडी १० सेकंदांत १६७ मीटर जाते. टोलनाक्याभोवती ५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं, तर त्याची रुंदी १०० मीटर. गाडीच्या दोन नोंदींच्या मधोमध अख्खा टोलनाका निघून जाऊ शकतो आणि मग सॉफ्टवेअर म्हणेल, गाडी इथून गेलीच नाही. त्यावरून मालकाने ड्रायव्हरला बोल लावला तर तो अन्याय आहे. रस्त्यावरची वर्तुळं मोठी ठेवावीत आणि तिथे मिनिटांची अट अजिबात नको.

वेग डबी दोन ठिकाणांतल्या अंतरावरून काढत नाही. रुळावरून गाडी जवळ येताना भोंगा चढा वाटतो आणि दूर जाताना उतरतो, तो डॉप्लर परिणाम शाळेत शिकलेला असेल. उपग्रहाच्या लहरीची वारंवारता किती सरकली यावरून डबी वेग काढते आणि तो जागेपेक्षा कितीतरी विश्वासार्ह असतो. त्या रात्री ४३ ही नोंदींत वेग शून्य किंवा त्याच्या अगदी जवळ होता! जागेसोबत वेग आणि इग्निशनची तार (किल्ली चालू आहे की बंद हे डबीला सांगणारी) पाहणारा नियम लावला असता तर एकही मेसेज आला नसता. इग्निशन बंद आणि वेग शून्य, मग जागा काहीही म्हणो, गप्प बसा. इग्निशन बंद आणि वेग ताशी १५, तर मात्र लगेच उठवा, कारण कुणीतरी गाडी ओढून नेतंय.

बाकीचे इशारे सोपे आहेत. वेगाच्या मर्यादेला १५-२० सेकंदांची अट जोडा, नाहीतर ओव्हरटेक केल्याचेही मेसेज येतील. बॅटरीची तार तुटल्याचा इशारा कधीच बंद करू नका. डबीच्या आत छोटी बॅटरी असते, त्यामुळे तार कापल्यावरही ती बोलू शकते. घाटात नेटवर्क गेलं की डबी नोंदी साठवते आणि पुढे एकदम पाठवते, म्हणून मेसेज कधी आला हे न बघता घटना कधी घडली ती वेळ बघा. आणि घड्याळ तपासा. डबीची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपण तिच्या साडेपाच तास पुढे. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय वेळ निवडायची राहिली तर 'रात्री १० ते ५' म्हणजे आपले पहाटे साडेतीन ते सकाळी साडेदहा.

विक्रेते हल्ली सांगतात की आमचं सॉफ्टवेअर एआयवर चालतं, चुकीचा इशारा येणारच नाही. त्यांना एकच विचारा: आत येण्याची आणि बाहेर जाण्याची त्रिज्या वेगळी ठेवता येते का? ज्याला हा प्रश्न कळला त्याच्याशी पुढचं बोला.

भाच्याच्या यार्डात आम्ही दोन वर्तुळं आखली, ५ मिनिटांची अट घातली, वेग आणि इग्निशन जोडलं. ती गाडी शेडपासून हलवून मोकळ्यात लावायला सांगितली. पहिल्या आठवड्यात रात्रीचे मेसेज आले २. दोन्ही पहाटे साडेचारच्या सुमाराचे, दोन्ही खरे: पीथमपूरला पहिला नंबर लागावा म्हणून ड्रायव्हर लवकर निघाला होता. भाच्याने नियमाची वेळ ४ पर्यंत आणली आणि ड्रायव्हरला सांगितलं, निघताना मला एक मिस कॉल देत जा.